हिरव्या अजगराचा चातुर्मास

बाळा, तुझा हिरवा अजगर जेवत नाही म्हणून तुझंही जेवणातलं लक्ष उडालंय, असं तुझ्या आईकडून कळलं. आधी दोन घास खाऊन घे, मग हे वाच. जुलैत लिहिलेलं ऑगस्टात वाचलंस तरी चालेल, इतका सावकाश चालणारा हा प्राणी आहे.

तुझा नर चार वर्षांचा, अंगानं भरलेला, आणि मेलबर्नला थंडी पडायला लागल्यापासून त्यानं उंदराकडे पाठ फिरवलीय. इकडे केर्न्सला मी हे अजगर सांभाळत आले, त्यावरून सांगते. वयात आलेला नर गार महिन्यांत खाणं सोडतो, तो त्याचा चातुर्मास असतो. आषाढी ते कार्तिकी हे आपले व्रताचे महिने, आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कच्या जंगलात, नेमके तेच महिने कोरडे आणि त्यातले पहिले काही गार. तुझ्या अजगराच्या कितीतरी पिढ्या पेटीत जन्मल्या असतील, पण अंगातलं पंचांग तिकडचंच राहिलं. व्रत त्याचं आहे, ते मोडायची घाई आपण करायची नाही. हे व्रत आहे की आजारपण, तेवढं आपण ओळखायचं. त्यासाठी ऊब, तारीख आणि वजन या तीन गोष्टी बघ, आणि याच क्रमानं बघ.

आधी ऊब

१. जेवण नाकारलं की उंदीर बदलू नकोस, थर्मामीटर बघ — सापाचं पोट बाहेरून घेतलेल्या उबेवर चालतं; ऊब कमी असताना तो खात नसेल तर त्याचंच बरोबर आहे. मी म्हणते, ऊब चुकली की ताट रुसतं.

२. दिवसा उबदार टोकाला ३० ते ३१ अंश, गार टोकाला २५-२६ आणि रात्री २२ ते २४ एवढं राख — सगळ्या पेटीत एकच आकडा असला तर त्याला निवडायला काही उरत नाही, आणि स्वतःची जागा निवडणं हेच त्याचं आरोग्य.

३. थर्मोस्टॅटचा प्रोब दांडीच्या उंचीवर बांध, तळाशी टाकू नकोस — हा झाडावरचा साप आहे. जमिनीवरची ऊब त्याच्या पाठीला लागत नाही.

४. काचेवर चिकटवायच्या गोल थर्मामीटरवर विसंबू नकोस, हातातलं इन्फ्रारेड थर्मामीटर घे आणि थेट वेटोळ्याच्या वरच्या घडीवर धर — काचेवरचा आकडा आणि सापाचं अंग यांत दोन-चार अंशांचा फरक सहज निघतो, आणि भुकेचं भांडण नेमकं त्या दोन-चार अंशांतच असतं.

५. ऊब वरून दे. छताला लावायचं सपाट हीट पॅनेल सगळ्यात बरं. सिरॅमिक बल्ब असेल तर त्याला जाळीचं कवच हवंच — अंग भाजेस्तोवर साप जागचा हलत नाही.

६. थर्मोस्टॅटशिवाय हीटर तासभरही लावू नकोस, आणि जमलं तर वरच्या मर्यादेला तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट जोड — पहिला बंद पडला तर साप गारठेल आणि सावरेल, पण चालूच राहिला तर एका दुपारीत जीव जाईल.

७. दोन-तीन आडव्या दांड्या दे, हीटरपासून वेगवेगळ्या अंतरावर, आणि प्रत्येकीची जाडी त्याच्या अंगाच्या मधल्या भागाएवढी — दांडी हीच त्याची खुर्ची, पलंग आणि शिकारीची जागा. ती एकच असेल तर तापमानही एकच मिळतं.

८. दिवसभर तो कुठं बसतो ते लिहून ठेव. कायम हीटरखाली चिकटलेला असेल तर पेटी गार आहे, कायम लांबच्या कोपऱ्यात असेल तर ती तापतेय — आकडा वाचायला तू चुकशील, तो बसायला चुकत नाही.

९. खात नाही म्हणून ऊब ३४-३५ वर चढवू नकोस — त्यानं भूक येत नाही. अंगातलं पाणी उडतं, साप बेचैन होतो आणि तुला वाटतं त्याला भूक लागली.

हे नववं कलम तू दोनदा वाच, कारण तुझा हात लगेच बटणाकडे जातो हे मला ठाऊक आहे. जंगलात याला काय मिळतं ते सांगते. केप यॉर्कच्या पूर्वेला लॉकहार्ट रिव्हर गावाजवळ कुटिनी-पायामु राष्ट्रीय उद्यान आहे, पूर्वी त्याला आयर्न रेंज म्हणत. ऑस्ट्रेलियातले हिरवे अजगर तिथल्या आणि दक्षिणेकडच्या मॅकइलरेथ डोंगररांगेतल्या वर्षावनांत राहतात. बाकीचा त्यांचा गोतावळा न्यू गिनी आणि आजूबाजूच्या बेटांवर. लॉकहार्ट रिव्हरला जानेवारीत दुपारी ३१-३२ अंश असतात आणि जुलैत २७ च्या आसपास. जुलैतल्या रात्री साधारण २० पर्यंत उतरतात. म्हणजे त्याच्या हिवाळ्यालाही मेलबर्नचा गारठा माहीत नाही आणि त्याच्या उन्हाळ्यालाही ३५ ची सवय नाही. एवढ्या अरुंद पट्ट्यात घडलेलं शरीर आहे ते. आपण त्याच पट्ट्यात राहायचं.

१०. रात्रीचा उतार ठेव, पण २१ च्या खाली जाऊ देऊ नकोस, आणि रात्र गार असेल तर दिवसाचे ३० त्याला मिळालेच पाहिजेत — रात्रीचा गारवा तो सोसतो, कारण सकाळी ऊब मिळणार असते.

११. पेटी खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, घराच्या मधल्या खोलीत ठेव — तुमच्याकडची जुनी लाकडी घरं रात्री पार गार पडतात, आणि मग हीटर रात्रभर धापा टाकतो.

१२. वीज गेली तर घाबरू नकोस: पेटीवर गोधडी घाल, रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती बाहेरून टेकव, दार उघडून सारखं बघू नकोस — पोट रिकामं असलेला मोठा अजगर काही तास १८-२० अंश सोसतो.

१३. थंडीची लाट सांगितली असेल तर त्या आठवड्यातलं जेवण पुढे ढकल — खाल्लेला उंदीर गार पोटात पचत नाही, सडतो, आणि मग साप तो ओकतो. रिकामं पोट सोसतं, गार पोट सोसत नाही.

१४. उन्हाळ्याची तयारी नोव्हेंबरातच कर. घरातली सगळ्यात गार खोली हेरून ठेव, फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या भर, आणि लाट आली की फडक्यात गुंडाळलेली बाटली पेटीच्या वर ठेव — ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्ननं ४६.४ अंश बघितलेत. थंडीनं साप हळूहळू आजारी पडतो, उष्णतेनं मात्र ताबडतोब मरतो.

मग तारीख

१५. एक साधी वही कर आणि त्यात चारच रकाने आख: कधी खाल्लं, कधी नाकारलं, कधी शी केली, कधी कात टाकली — पुढच्या वर्षी मे महिन्यात ती वही उघडलीस की अर्धी काळजी तिथंच मिटेल.

१६. कॅलेंडर बघताना दिवे पण बघ. टायमर लावून बारा तास उजेड आणि बारा तास अंधार ठेवलास तरी खिडकीतून बाहेरचा दिवस आत येतो — जूनमध्ये मेलबर्नचा दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा, केप यॉर्कला तो साडेअकराच्या आसपास असतो. तुझ्या सापाला त्याच्या मुलखापेक्षाही कडक हिवाळा दिसतो.

१७. नर रात्री पेटीभर भटकत असेल, काचेला नाक घासत असेल आणि उंदराकडे ढुंकूनही बघत नसेल, तर तो भुकेला नाही, मादी शोधतोय — गार रात्री सुरू झाल्या की नराचं मन जेवणावरून उडतं. असा नर दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, सहज उपाशी राहतो. नाक सोलवटत नाही ना एवढं बघ.

१८. पेटीत मादी असेल तर हिशोब वेगळा. एकत्र ठेवल्यानंतर तिनं खाणं सोडलं आणि शेपटीकडचा भाग जड दिसू लागला, तर अंडी धरलीयत असं समज — पोटात जागा नसते, तिच्यापुढे उंदीर नाचवू नकोस.

१९. अंड्यांवर बसलेल्या मादीला जेवण देऊ नकोस, हातही लावू नकोस — ती साधारण पन्नास दिवस अंड्यांभोवती वेटोळं घालून राहते, त्या काळात तिचं सगळं लक्ष ऊब आणि ओल सांभाळण्यात असतं.

२०. डोळे दुधाळ झाले आणि रंग मळकट वाटला की जेवणाचा विचार सोड — कात यायची असते, दिसत कमी असतं, आणि अशा वेळी बहुतेक साप जेवत नाहीत.

२१. नवा आणलेला साप पहिले दहा-पंधरा दिवस नुसता राहू दे, पाणी आणि अंधार एवढंच दे — नवी पेटी, नवा वास, नवे आवाज; आल्या-आल्या पाहुण्याला आग्रह केला की पाहुणा जेवत नाही.

२२. पिल्लांना मात्र हा चातुर्मास लागू नाही. वर्षाच्या आतलं, पिवळं किंवा लालसर पिल्लू तीन-चार आठवडे खात नसेल तर थांबू नकोस, जाणकाराला दाखव — जन्मताना ते दहा ग्रॅमच्या आसपास असतं, त्याच्या अंगात साठाच नाही.

हा बाविसावा मुद्दा मोठ्या अक्षरात लिहून पेटीवर चिकटव. लोक एकमेकांना सांगतात, "अजगर आहे, महिनोन्महिने उपाशी राहतो," आणि त्या भरवशावर पिल्लं जातात. पिल्लांचं जगणंच वेगळं असतं. जंगलात ती सरडे-पाली आणि किडे टिपतात, दिवसाउजेडी शेपटीचं टोक हलवून भक्ष्याला भुलवतात. मोठं झाल्यावर, हिरवा रंग आला की, रात्री उंदरांवर टपून बसतात. पिल्लाचा उपास आणि मोठ्याचा उपास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मोठ्याला हे जमतं कसं, तेही समजून घे, म्हणजे रात्री झोप लागेल. अमेरिकेत स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात बर्मी अजगरावर काम केलं. त्यांना दिसलं की जेवणानंतर एक-दोन दिवसांत अजगराचं आतडं वाढून जवळजवळ दुप्पट होतं, आणि पचन संपलं की पुन्हा आक्रसतं. जेवणं लांब-लांब अंतरानं मिळतात त्या सापांचं शरीर असंच चालतं: गरज नसताना चूल पेटती ठेवायची नाही. म्हणून उपाशी अजगर आपल्यासारखा झिजत नाही. त्याचं घर त्या काळात बंद असतं आणि खर्च अगदी थोडा.

शेवटी वजन

२३. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घे आणि दर पंधरा दिवसांनी वजन कर — डोळ्याला साप रोज बारीक दिसतो, काट्याला दिसत नाही. काटा खरं बोलतो, काळीज घाबरं बोलतं.

२४. वजन करताना सापाला दांडीवरून ओढू नकोस. आधी रिकाम्या दांडीचं वजन लिहून ठेव, मग सकाळी तो वेटोळं घालून झोपलेला असताना दांडीसकट उचल, काट्यावरच्या टोपलीत ठेव, दांडीचं वजन वजा कर — ओढलं की तो आणखी घट्ट धरतो, आणि त्या झटापटीत कणा आणि शेपूट दुखावतात.

२५. उपास सुरू झाला त्या दिवसाचं वजन पक्कं धर आणि दहा टक्क्यांची रेघ मार. ९०० ग्रॅमचा नर ८१० वर आला की व्हेटला फोन कर — तोपर्यंत व्रत, त्यापुढे तपासणी.

२६. शी केल्यावरचं वजन आणि त्याआधीचं वजन एका रांगेत धरू नकोस — एका खेपेत बरंच वजन उतरतं आणि विनाकारण धडकी भरते.

२७. काट्याबरोबर हातानंही बघ: पाठीच्या दोन्ही बाजू भरलेल्या लागतात की कणा सुरीच्या पात्यासारखा वर आलाय — हिरव्या अजगराचा कणा तसाही थोडा उठून दिसतो, म्हणून धडधाकट असतानाच एकदा बोट फिरवून ठेव.

२८. मोठ्या अजगराला तीन-चार आठवड्यांतून एकदा एक मध्यम उंदीर पुरे, आणि उंदीर त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा जाड नको — झाडावर निवांत बसून राहणारा प्राणी आहे. दर आठवड्याला वाढलंस तर चरबी चढते, बद्धकोष्ठ होतं, आणि आतडं बाहेर यायची भीती असते.

यातली खरी गंमत सांगते. "खात नाही" म्हणून येणाऱ्या फोनांतले निम्मे नर मुळात जास्त खाऊन बसलेले असतात. उन्हाळाभर दर आठवड्याला ताट वाढलेलं, आणि साप लालची, मिळेल ते गिळणारा. मेमध्ये तो थांबतो, कारण त्याला आता गरजच नसते. हावऱ्या हातानं वाढलेलं सापाला बाधतं.

वाढायची रीत

२९. दिवे बंद झाल्यावर तासाभरानं, खोलीत अंधार असताना, लाल किंवा मंद उजेडात बघ. भुकेला हिरवा दांडीवरून मान खाली सोडतो, पुढचं अंग इंग्रजी एस अक्षरासारखं दुमडून धरतो, तोंड जमिनीकडे, आणि तसाच तास-तास गोठल्यासारखा राहतो — ही बैठक दिसली तर उंदीर बाहेर काढ. डोकं वेटोळ्याच्या मधोमध ठेवून झोपलेला असेल तर काढू नकोस.

३०. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरव, मग पिशवीत घालून गरम पाण्यात बुडव, शेवटी कोरडा पूस. थर्मामीटर लावलास तर ३८ ते ४० अंश दिसायला हवेत, आणि डोकं सगळ्यात गरम — ओठांवरच्या खाचांनी हा साप ऊब "बघतो". गार उंदीर त्याला दिसतच नाही.

३१. मायक्रोवेव्ह वापरू नकोस — आतून शिजतो, बाहेरून गार राहतो, आणि कधी फुटतोही.

३२. लांब चिमटा वापर, उंदीर समोरून हळू आण, एकदा-दोनदा किंचित हलव आणि थांब — नाचवलेला उंदीर भक्ष्य वाटत नाही, हल्ला वाटतो. चिमटा लांब तेवढा हात शाबूत. याचे पुढचे दात लांब असतात.

३३. पाच-दहा मिनिटांत घेतला नाही तर दांडीजवळ ठेवून निघून जा, सकाळी उचलून टाक, आणि पुन्हा तीन आठवडे विचारू नकोस — रोज विचारलं की नाकारणं हीच त्याची सवय होते, आणि गोठवलेला उंदीर परत-परत गोठवून घरात रोग येतो.

३४. जिवंत उंदीर कधीच सोडू नकोस — जेवायचं मन नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि त्या जखमा मरेपर्यंत दिसतात.

३५. तोंड उघडून घास कोंबायचा विचार मनातूनही काढ — मोठ्या, वजनदार सापाला त्याची कधीच गरज नसते, आणि घाबरलेला साप मग वसंतातही चिमटा बघून मागे सरतो.

३६. खाल्लं तर चार-पाच दिवस हात लावू नकोस, पेटी साफ करायचीच असेल तर फक्त तळ पूस — पचायला त्याला शांतता आणि ३० ची ऊब लागते, आणि दोन्हीपैकी एक गेली की घास परत येतो.

३७. ओकला तर दोन-तीन आठवडे काही देऊ नकोस, पाणी दे, तापमान तपास, मग नेहमीच्या अर्ध्या आकाराचं दे — ओकताना पोटाचं आतलं अस्तर पोळलेलं असतं.

३८. हिरव्या अजगराची शी लांबली तर घाबरू नकोस, पण दीड-दोन महिने झाले तर वहीत लाल खूण कर — रात्री कोमट फवारा मारला की तो हलतो, वर-खाली फिरतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

पाणी

३९. संध्याकाळी फवारा मार, पण सकाळपर्यंत पेटी कोरडी झाली पाहिजे — घरातल्या हीटरनं हिवाळ्यात हवा कोरडी पडते, म्हणून ओल हवी. सतत ओल राहिली तर कातडीवर बुरशी आणि छातीत कफ.

४०. फवारा मारताना त्याच्या अंगावर पण मार — वेटोळ्यांच्या घड्यांत साचलेले थेंब तो हळूहळू पितो. खाली भांडं भरलेलं असलं तरी तिथं उतरायचा कंटाळा करतो.

४१. नागपंचमीला तुझी आजी फोनवरून दूध द्यायला सांगेल. तिला प्रेमानं "हो" म्हण, आणि अजगराला पाणीच दे — सापाला दूध पचत नाही. तिचा नमस्कार तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचव.

व्रत कुठं संपतं आणि दुखणं कुठं सुरू होतं

४२. यांतलं एक जरी दिसलं तर तारीख आणि ऊब विसर, त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा: तोंड उघडं ठेवून श्वास, नाका-तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, श्वासाला कटकट आवाज, मान वर ताणून बसणं, दांडी सोडून दिवसभर तळाशी पडून राहणं, वेटोळं सैल पडणं — व्रतातला साप दिसायला धडधाकट असतो, पकड घट्ट असते आणि जीभ लपलपत असते.

४३. खात नाही आणि श्वासही जड आहे, अशी जोडी दिसली तर निडोव्हायरसची तपासणी करून घे — अजगरांच्या फुफ्फुसात बसणारा हा विषाणू आहे. २०१७ साली झुरिकच्या संशोधकांनी हिरव्या अजगरांतल्या न्यूमोनियाशी त्याचं नातं दाखवलं. तोंडातून घेतलेल्या बोळ्यावरून तो कळतो.

४४. म्हणूनच दुसरा साप आणलास तर तीन महिने वेगळ्या खोलीत ठेव, त्याचा चिमटा वेगळा, भांडं वेगळं, आणि साफसफाई आधी जुन्याची, मग नव्याची — रोग हातावरूनच चालत येतो.

४५. डॉक्टर आत्ताच शोधून ठेव, साप ठणठणीत असतानाच एकदा नेऊन दाखव — कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर सापाचा असेलच असं नाही, आणि रविवारी रात्री शोधायला लागलास तर सापडणार नाही.

४६. परवाना आणि नोंदवही अद्ययावत ठेव, आणि कागद नसलेला साप कितीही देखणा असला तरी घेऊ नकोस — जेसिका लायन्स आणि डॅनियल नॅटश यांनी २०११ साली दाखवलं, की इंडोनेशियातून "पेटीत जन्मलेले" म्हणून बाहेर जाणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी निदान ८० टक्के जंगलातून पकडलेले होते. रानातून ओढून आणलेला साप खाणं सोडतो त्याला चातुर्मास म्हणत नाहीत.

पुण्याच्या तुझ्या चुलतभावाला फोटो बघून हौस आलीय, त्यालाही हे सांग. ऑस्ट्रेलियातून इथले साप पाळण्यासाठी बाहेर नेता येत नाहीत. भारतात परदेशी प्राण्यांची नोंद २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर सरकारकडे करावी लागते, आणि आपला भारतीय अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरात ठेवताच येत नाही. त्याला बघायचाच असेल तर सुट्टीत तुझ्याकडे येऊ दे, मग तुम्ही दोघं माझ्याकडे या, मी तुम्हाला आयर्न रेंजला रात्री टॉर्च घेऊन नेते.

४७. सप्टेंबर उजाडला, दिवस वाढला, रात्री जरा ऊब आली, की पुन्हा त्या शिकारीच्या बैठकीची वाट बघ. बैठक दिसली तर पहिलं जेवण नेहमीच्या निम्म्या आकाराचं दे — महिनोन्महिने आक्रसलेलं आतडं आत्ता कुठं वाढायला लागतं.

४८. ते पचलं, शी झाली, की दहा-बारा दिवसांनी दुसरं, तेही लहानच. तिसऱ्या जेवणापासून नेहमीचा उंदीर. आणि तारीख वहीत लिही, माझ्याकडेही कळव, मी माझ्या नरांच्या तारखांशी ताडून बघते.